दोन डब्यांचा समुद्र

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. ती समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करते. थंड पाणी जड होऊन खाली बसतं, गरम भागातलं पाणी आटून खारं झालं की तेही जड होतं, आणि थंडी-मिठाच्या या ओढाताणीत महासागर फिरत राहतो. ते फिरणं किती पक्कं आहे, कशाने डळमळेल, हे तिला शोधायचंय. त्यासाठी तिने सगळा समुद्र दोन डब्यांत बसवलाय, एक गरम, एक थंड.

"आजी, हसू नको हं. मॉडेल अगदी साधं आहे."

मी हसले, पण तिला नाही. असेच दोन डबे घेऊन मी दारव्ह्याहून यवतमाळला गेले होते, तेव्हा तिच्या बापाचाही पत्ता नव्हता.

मी तेवीस वर्षांची होते आणि स्वतःला भारी हुशार समजत होते. एम.एस्सी. अर्धवट ठेवून लग्न झालेलं. सासूबाईंनी ती पुरी करायला एक वर्ष दिलं होतं. "या साली पास झाली त ठीक. नाही त पुस्तकं माळ्यावर अन् तू वावरात." रागाने नाही, सरळ सांगितलं. कापूस वेचायला माणसं कमी पडत होती, ते मलाही दिसत होतं.

आणि एवढं पणाला लागलेलं असताना बाईसाहेबांनी प्रकल्पाला विषय कुठला घेतला? समुद्र! जो मी बापजन्मात पाहिला नव्हता. गावचा तलाव तेवढा पाहिलेला, त्यातही पाण्यापेक्षा म्हशी जास्त. तरी वहीच्या पहिल्या पानावर ठसठशीत लिहिलं होतं, 'महासागराचा स्वभाव मला समजला आहे.'

तेलाचे दोन रिकामे डबे घेतले. तळाशी ते काचेच्या नळीने जोडायचे, वरच्या बाजूला रबरी नळीने. एकात गरम पाणी आणि चिमूटभर मीठ, दुसऱ्यात बर्फाचं पाणी. तळाच्या नळीत लाल शाई सोडली की ती थंड डब्याकडून गरम डब्याकडे सरकणार. झाला समुद्र.

गणितात मात्र एक गोम होती. मिठाच्या ठरावीक प्रमाणाला समीकरणातून टिकणारी दोन उत्तरं निघत. एकात थंडी जिंकते, दुसऱ्यात मीठ जिंकतं आणि प्रवाह उलटा वाहतो. समुद्र एक, मग उत्तरं दोन कशी? शाळेत वय उणे आलं की आपण ते उत्तर खोडतो, तसं मी दुसरं खोडून टाकलं. पट्टी धरून, लाल पेनाने. शेजारी 'अशक्य' लिहिलं. अक्षर काय सुरेख काढलं होतं!

परीक्षेच्या दिवशी एक डबा माझ्या मांडीवर, एक सासूबाईंच्या. एकटीला दोन झेपले नसते म्हणून त्या आल्या होत्या. काळीपिवळी जीपचे ड्रायव्हर चाचा म्हणाले, "भाभी, डब्बे में क्या है?"

"समुद्र," मी ऐटीत म्हटलं.

"फिर तो दो सवारी का किराया लगेगा."

सासूबाई खुदकन हसल्या. मी नाही हसले. मी विदुषी होते ना.

प्रयोगशाळेत मांडामांड करताना मिठाची पुडी फुटली आणि फरशीभर मीठ झालं. परीक्षकांना बोलवायची घाई, म्हणून मी तशीच गेले. परत येऊन शाई सोडली. समोर बाहेरून आलेले परीक्षक, कोपऱ्यातल्या बाकावर सासूबाई. शाई हलली आणि थंड डब्याकडे निघाली. उलटी!

"प्रवाह उलटा आहे, बाई," परीक्षक म्हणाले.

यावर मी काय बोलावं? "सर, माझं गणित बरोबर आहे. पाणी चुकतंय."

त्यांनी चष्मा काढला. मागून सासूबाईंचा आवाज आला, "पाणी काहून चुकीन व? मीठ मी टाकलं त्याच्यात."

"कायले टाकलं, आत्याबाई?" माझं प्रमाण मराठी तिथंच गळून पडलं.

"कायले म्हंजे? पायाखाली येऊन राह्यलं होतं." सांडलेलं मीठ तुडवायचं नाही, गोळा करून पाण्यात सोडायचं, ही आमच्याकडची रीत. "तुले त तसंही मीठच लागत होतं ना? या जवळच्या डब्यात टाकलं. दोन मुठी."

जवळचा डबा म्हणजे गरम डबा. परीक्षकांनी माझी वही चाळली. लाल रेघेपाशी थांबले. 'अशक्य'वर बोट ठेवलं आणि नळीकडे पाहिलं. शाई शांतपणे थंड डब्यात उतरत होती.

"मग हे काय आहे?"

डोळ्यांपुढे माळा आला, वावर आलं. म्हटलं, "सर, मी खोडलेलं उत्तर आहे."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी दुसरं उत्तर पुन्हा मांडलं, आलेख काढला. मीठ वाढत गेलं की एका जागी प्रवाह एकदम उलटतो, आणि मग मीठ थोडं कमी केलं तरी लगेच सरळ होत नाही, पुष्कळ कमी करावं लागतं. महिनाभर हे वहीत होतं आणि मला दिसलं नव्हतं.

"आधी का नाही दाखवलंत?"

"तेव्हा मला महासागराचा स्वभाव समजला होता, सर."

पहिलं पान त्यांनी वाचलं असावं. असे हसले, की सासूबाईंना वाटलं सून नापास झाली.

पास झाले. काठावर, पण झाले. निकाल ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अर्धे मार्क माह्ये आहेत, ध्यानात ठेव."

तर नातीचा फोन. ती म्हणत होती, "आजी, तेवढ्याच मिठाला दोन उत्तरं येतायत. माझंच काही चुकलंय का?"

"लाल पेन आहे का जवळ?"

"आहे. का गं?"

"ते आधी खिडकीतून फेक."

मग तिला हे सगळं सांगितलं. माळ्यावर पुस्तकं कधी गेलीच नाहीत, डबे गेले. त्यातल्या एकाचं भोक सासूबाईंनी चिंधीच्या बोळ्याने बुजवलं आणि त्यात मीठ भरून ठेवलं.