पंढरीची उघाडी

शिरवण्याच्या खाडीकडच्या बांधाला एक उघाडी होती आणि तिची राखण पंढरीकडे होती. उघाडी म्हणजे बांधाच्या मोरीला बसवलेली लाकडी फळी. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं, भरतीला खाडीच तिला दाबून बंद करायची. फळी कुजली की खारं पाणी आत शिरून भात करपायचं, म्हणून पंढरी रोज बांध चालायचा, आधी बापामागे, मग एकटा. पुढे जमीन गेली, भराव पडला, त्यावर कंपनी उभी राहिली आणि पंढरी तिथे मशीनपुढे हेल्पर म्हणून लागला. आठ तास एका जागी उभं राहायचं. चालत्या माणसाचा खांब केला म्हणा ना.

सात वर्षं टेम्पररी काढल्यावर १९८१ साली परमनंटच्या यादीत त्याचं नाव आलं, पण सोमवारी मेडिकल होती. आणि पंढरीच्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरा करंगळीएवढ्या फुगल्या होत्या. असल्या पायाच्या माणसाला कंपनी घेत नाही, असं कोणीतरी कॅन्टीनमध्ये म्हणालं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. शेत तर गेलंच होतं. आता हेही गेलं तर दोन पोरींना घेऊन जायचं कुठे?

गडी हुशार, नको तितका हुशार. रक्त वरून खाली उतरतं, तेव्हा वरच बांध घातला की खालच्या शिरा सुकतील, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. गुरुवारी बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्याने मांडीला करकचून आवळली. बायकोचं नाव पुतळा. ती विचारून विचारून थकली. शनिवारी सकाळी पाय जांभळा पडला, सुजून चकाकायला लागला, बोटं बधिर झाली. पुतळाने विळ्याने पट्टी कापली आणि त्याला नेरुळला डॉक्टर शौकत यांच्याकडे नेलं.

डॉक्टर उरणकडचे. आधी त्यांनी पंढरीला मनसोक्त झापलं. मग आडवं करून पाय वर उचलला, तर बघता बघता शिरा सपाट झाल्या. मांडीवर शीर बोटाने दाबून धरून त्यांनी त्याला उभं केलं आणि बोट उचललं. रक्त भसकन वरून खाली शिरलं आणि शीर टरारली.

त्यांनी समजावलं. रक्त खाली येतं ते रोहिणीतून. ती खोल, जाड भिंतीची, हृदयाच्या रेट्याने उडणारी. केसाहून बारीक वाटांनी ते मांसात पसरतं आणि परत जातं ते नीलेतून. या दोघी कोणाच्या मुली, असं पुतळाला वाटून गेलं. नीलेला तसा रेटा नाही. चालताना पोटरी आवळते, तेव्हा रक्त वर सरकतं. ते खाली घसरू नये म्हणून आत झडपा असतात, वर सोडणाऱ्या, खाली अडवणाऱ्या.

"उघाडी," पंढरी म्हणाला. "म्हंजे पानी मी आत येऊ दिलं आन भायेर जायची वाट बुजवली."

"तेच केलंत, पंढरीदादा. आणखी दोन दिवस ठेवली असती, तर रक्ताची गाठ झाली असती."

"फळी नवी बसंल का?"

"नाही. मोडली ती मोडली. आता पावलापासून वर पट्टी बांधायची. आणि एका जागी उभं राहायचं नाही. चालायचं."

एका जागी उभं राहायची तर नोकरी. रविवारभर पंढरी भिंतीला पाय लावून पडून होता आणि सोमवार उजाडूच नये असं त्याला वाटत होतं.

तो उजाडलाच. कंपनीच्या डॉक्टरांनी पट्टी सोडायला लावली, पाय पाहिला आणि मशीनसाठी अनफिट असं लिहायला घेतलं. मग पंढरीने वाटेभर घोकलेलं बोलून टाकलं.

"सायेब, उभा रायलो तर पाय भरतो, चाललो तर उतरतो. मला चालायचं काम द्या. बांध चालायची सवय हाय."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली. ती काय, हे पंढरीला महिनाभर कळलं नाही, आणि त्या महिन्यात त्याची जेवणावरची वासना उडाली. शेवटी पत्र आलं. वॉचमन, परमनंट, दिवसपाळी, कंपाउंडच्या भिंतीकडेने फेऱ्या.

पहिल्याच फेरीला मागच्या भिंतीशी त्याला जागा ओळखू आली. इथेच, भरावाखाली, बापाने बसवलेली फळी होती. घटकाभर उभं राहावं, असं त्याला फार फार वाटलं. पण उभं राहायचं नव्हतं. पंढरी चालत राहिला.