कल्हईच्या पातेल्यातली वसुली

आपले काही अडलेले नसते तोवर मृदू बोलणे कुणालाही साधते. हक्काचे येणे थकले असताना आणि समोरचा नजर चुकवत असताना ज्याच्या वाणीतले मार्दव ढळत नाही, त्याच्याच ठायी तो गुण स्थिरावला असे म्हणावे. नाशिकच्या भांडीबाजारातले गोटीरामबाबा मला या संदर्भात नेहमी आठवतात.

सहादूशेठच्या तांब्यापितळेच्या दुकानात ते तरुणपणी कल्हई करायला लागले. पुढे उधारीच्या वसुलीचे कामही त्यांच्याकडेच आले. शेठचा मुलगा समर्थ पदवी घेऊन गल्ल्यावर बसला, ते साल सत्त्याण्णव असावे. स्टीलने पितळेचे गिऱ्हाईक ओढून नेले होते आणि दुकान कसेबसे तगून होते. उधारी चारचौघांत मागितली की लवकर येते, असे समर्थचे मत.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राजवळच्या वसाहतीतल्या लताबाईंनी लेकीच्या, राखीच्या, रुखवतासाठी पितळी भांडी उधारीवर नेली होती. लेकीच्या लग्नानंतर लताबाईंच्या नवऱ्याचे केंद्रातले कंत्राटी काम सुटले आणि हप्ते थांबले. समर्थने त्यांच्या दारात उभे राहून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात पैसे मागितले. लताबाईंनी कडी लावून घेतली. पुढे दुकानाचे माणूस दिसले की ते दार उघडेना. तेव्हा येवल्याला राखीच्या सासरी जाऊन भांडीच उचलून आणतो, असे समर्थ म्हणाला.

गोटीरामबाबांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. "पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, समर्थशेठ."

"आणि माझ्या बापाला माल देणारे व्यापारी ऐकवतात ते? तुम्ही जाऊन करणार काय?"

"कल्हई."

पगाराच्या आठवड्यात त्यांनी वसाहतीच्या नळाशेजारी भट्टी पेटवली. बायका भांडी घेऊन आल्या. खिडकीतून बराच वेळ पाहत राहिलेल्या लताबाई अखेर एक पातेले घेऊन बाहेर आल्या. इतरजणी पांगल्यावर बाबा खाली मान घालूनच म्हणाले, "कल्हईवाला कशाला आला, हे कुणी विचारत नाय. पुढच्या खेपेपासून पातेल्यातच ठेवत जा, ताई. जमेल तेवढं."

"आन् नाय जमलं तर?"

"तर नुसतं पातेलं द्या. ते तरी चकचकीत होईल."

लताबाई मळ्यावर फुले तोडायला जाऊ लागल्या. दर महिन्याला भट्टी पेटे आणि पातेल्याच्या तळाशी फडक्यात बांधलेल्या नोटा बाबांच्या पिशवीत जात. एखाद्या महिन्यात पातेले रिकामेच येई. बाबा त्यालाही तितक्याच निगुतीने कल्हई करून परत देत. शेजारणींना ते शेवटपर्यंत कल्हईवालेच वाटले.

दिवाळी आली तेव्हा थोडे येणे उरलेच होते. समर्थने मात्र येवल्याचे नाव काढले नाही. पुढच्या खेपेसाठी लागणारे कथील आणि नवसागर त्याने स्वतः आणून बाबांच्या पिशवीशेजारी ठेवले. उन्हाळ्यापर्यंत उधारी फिटली. त्यानंतर जिथे जिथे दार मिटले, तिथे समर्थ बाबांनाच पाठवू लागला.

दोन हजार पाच साली गोटीरामबाबा गेले. दहाव्याला येवल्याहून राखी आली होती. दुकानातला भाग मला समर्थकडून ठाऊक होता; आईकडून पुष्कळ उशिरा कळलेली बाकीची हकिकत तिनेच मला सांगितली, आणि लिहायला संकोच करू नका असेही म्हणाली. तिच्या घरी ती पितळी भांडी अजून रोजच्या वापरात आहेत.