माझ्या पत्नीच्या दोन नावांचा विमानप्रवास

मकर संक्रांतीचा दुसरा दिवस, महाशिवरात्रीचा आदला दिवस आणि होळीपूर्वीचा सोमवार. या तीन दिवशी मी बीडच्या मुख्य टपाल कार्यालयातून एका विमान कंपनीस तीन पत्रे पोचपावतीसह पाठवली. तिन्हींस उत्तर एकच आले, तेही ईमेलने. जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे. एक, कंपनीच्या सदस्यता विभागाचे प्रमुख, ज्यांची सही मला आजवर पाहावयास मिळालेली नाही. दोन, फोनवरील ती मंजुळ आवाजाची मुलगी, जिला माझी अडचण दर वेळी समजत होती आणि दर वेळी सुटत नव्हती. तीन, आमचे लग्न लावणारे गुरुजी. ते हयात नसल्याने त्यांच्याविरुद्धची तक्रार मी मागे घेतो. चार, मी स्वतः.

मी जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झालो. आमच्या गावी विमानतळ नाही. तरीही गेली सहा-सात वर्षे मी विमानाचे मैल, म्हणजे पुरेसे साठले की फुकट तिकीट मिळते ते, जमवतो आणि तो माझ्या निवृत्तीतला सर्वांत मोठा आनंद आहे. पुण्यातली माझी मुलगी कंपनीच्या कामासाठी सतत उडत असते. कुटुंबातील सर्वांचे मैल एकाच सदस्याच्या खात्यात जमा करता येतात हे नियमावलीत बारीक अक्षरात लिहिलेले वाक्य मी भिंग लावून शोधून काढले, आणि ते खाते पत्नीच्या नावे उघडले. पुढे कळले की कंपनीच्या संकेतस्थळावरून खरेदी केली तरी मैल मिळतात. मग आमच्या गल्लीत कुणाला कुकर घ्यायचा असो की कूलर, मागणी माझ्या मोबाइलवरून जाऊ लागली.

"काका, ह्या मिक्सरवर काकू कुठवर जातील?" शेजारची सून विचारायची.

"गेवराईपर्यंत," मी सांगायचो.

"मग पुढच्या महिन्यात गिझर घेते. तेवढंच शहागड पार होईल."

पत्नीला जायचे होते खरगपूरला. तिची थोरली बहीण रेल्वेतल्या यजमानांबरोबर तिकडे गेली ती तिकडचीच झाली. गेल्या वर्षी ती घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि आता तिचा प्रवास खाटेपासून खिडकीपर्यंत. इकडे पत्नीच्या कंबरेला दोन दिवसांची रेल्वे सोसत नाही. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलत आणि फोन ठेवताना दरवेळी "आता भेटू" म्हणत. अकरा वर्षे भेट नव्हती. जानेवारीत दोघांच्या जाण्यायेण्यापुरते, म्हणजे पत्नीच्या आणि माझ्या, मैल पुरे झाले. ते मार्चअखेर बाद होणार होते.

तिकीट काढावयास बसलो आणि नाव जुळेना.

येथे चौथ्या जबाबदार व्यक्तीचा गुन्हा सांगितला पाहिजे. सदस्यत्वाच्या अर्जात "अधिकृत कागदपत्राप्रमाणे नाव" असा रकाना होता. उभी हयात न्यायालयात गेलेल्या माणसाच्या दृष्टीने शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा अस्सल कागद दुसरा नाही. आष्टीच्या कन्याशाळेचा पत्नीचा दाखला मी जपून ठेवला आहे. त्यावरचे नाव मी अर्जात भरले. तिच्या आधार कार्डावर मात्र दुसरे नाव आहे, आणि ते दुसरे नाव लग्नाच्या मांडवात ताटात पसरलेल्या तांदळावर अंगठीने मीच लिहिले होते. गुरुजींनी ताट पुढे केले, आईने आदल्या रात्री ठरवलेले नाव कानात सांगितले, मी लिहिले. आडनाव बदलते हे कंपनीला ठाऊक होते. पण पहिले नावही बदलते हे तिच्या संगणकाला कुणी सांगितले नव्हते.

कंपनीला फोनवर कळवले तर ईमेल आला, पुढे तिन्ही पत्रांनाही तोच: "सदस्य व प्रवासी या दोन भिन्न व्यक्ती असल्याचे दिसते." मैल दुसऱ्याला वापरू द्यायचे तर सदस्याने आपले ओळखपत्र द्यावे, असेही होते. त्या नावाचे ओळखपत्र जगात नव्हते.

मी चवताळलो. पहिले पत्र चार पानी झाले.

"आवो, कावून येवढं लिहिता?" पत्नी म्हणाली. "त्यांना वाचाया येळ लागंल. तवर मार्च संपंल."

तिचे म्हणणे खरे ठरले. तिसऱ्या पत्रानंतर फोनवरच्या त्या मुलीने सांगितले, "सर, विवाह नोंदणीचा दाखला असेल तर नाव बदलून मिळेल." आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. त्या काळी कोण करत होते? मांडवातली माणसे हीच नोंद. आता ती नोंदणी करायचे ठरवले.

त्या दिवशी मला जो हुरूप आला तो निवृत्तीनंतर कधी आला नव्हता. लग्नपत्रिका ट्रंकेत सापडली. अर्जावर लग्न लावणाऱ्याची सही लागते, म्हणून गुरुजी हयात नसल्याचे प्रतिज्ञापत्र मी स्वतः मसुदा करून टंकलेखकाकडून टंकून घेतले. इतके निर्दोष प्रतिज्ञापत्र न्यायालयाच्या आवारात बऱ्याच दिवसांत झाले नसेल. साक्षीदार तीन लागतात. पत्नीचे दोन भाऊ आले. तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र, बसस्थानकाजवळ फळांचा गाडा लावणारा. तो इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून, वर संत्र्यांची पिशवी घेऊन नगरपालिकेत हजर झाला.

"चाचा, तुम्ही लग्नाला होता हे नक्की?" लिपिकाने विचारले.

"नक्की म्हणजे? जेवलोय मी. बुंदी दुसऱ्यांदा मागितली तर ह्याच्या मेव्हण्यानं दिली न्हाई. ते बी लिहा."

"बुंदीचा रकाना नाही, चाचा."

"मग काय कामाचा कागद हाय बे हा!" तो माझ्याकडे वळून म्हणाला. मेव्हणे सत्तरीचे, तेही हसू लागले.

लिपिकाने वर न पाहता विचारले, "नवरी कुठं आहे? सही करा."

पत्नी हिरवे इरकल नेसून आली होती. पेन हातात घेऊन म्हणाली, "कोणत्या नावानं करू, साहेब? दोन हायेत माझ्याकडं."

अख्खे कार्यालय हसले. लिपिकाने मात्र नमुना तिच्यापुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवले: वधूचे विवाहापूर्वीचे नाव. तिने ते स्वतःच्या हाताने लिहिले. सावकाश, शाळेतल्या अक्षरात. शाळा सुटल्यानंतर ते नाव तिने लिहिल्याचे मी कधी पाहिले नव्हते. मित्राने सगळ्यांना संत्री वाटली.

दाखला पाठवला आणि मार्च संपण्यास चार दिवस असताना कंपनीने खात्यावरचे नाव बदलले. दोन तिकिटे निघाली. मी मोबाइल उंच धरून घरभर फिरलो. पत्नीने पडद्यावर नवे नाव पाहिले आणि म्हणाली, "बरं झालं." थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या नावाचं तेवढं एक खातंच होतं माझं. आता ते नाव ताईच्या तोंडात हाय, बस."

मी तिच्याजवळ बसून मेथी निवडली.

संभाजीनगरहून मुंबई, मुंबईहून कोलकाता. खिडकीची जागा तिची. विमान वर उठले तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की घड्याळाचा पट्टा मनगटात रुतला. मग ढगांवर आलो आणि तिने तो सोडला तो उतरेपर्यंत पुन्हा धरला नाही. पुढे खरगपूरला रेल्वेने. बहीण दाराशी वॉकर धरून उभी होती. खुबा, डॉक्टर, सगळे विसरून. तिने ते जुने नाव इतक्या मोठ्याने हाकारले की समोरच्या घरातले बंगाली गृहस्थ गॅलरीत आले. आणि माझी अडुसष्ट वर्षांची, कंबर धरून चालणारी पत्नी "आले गं, आले!" म्हणत पळाली. हो, पळाली. मी साक्षीदार आहे.

आठ दिवस त्या घरात ते नाव घुमत होते: चहाला, अंघोळीला, पत्त्यांत खोट्या चाली केल्यावर भांडताना. तिसऱ्या दिवशी मीही एकदा त्या नावाने हाक मारून पाहिली. तिने वळून पाहिले आणि म्हणाली, "तुमाला न्हाई शोभत. पन मारा."

सबब, सदर विमान कंपनीच्या सदस्यता विभागप्रमुखांकडे माझी मागणी अशी. बीडच्या नगरपालिकेच्या कागदावर बाईच्या आधीच्या नावासाठी जागा आहे. तुमच्या संगणकात का नाही? एका बाईची दोन नावे ठेवण्यास तुम्हांस कोणता कायदा आडवा येतो? मला ईमेल नको, खेद नको, वाढीव मैल तर मुळीच नकोत. ज्या वर्तमानपत्रांत तुमच्या जाहिराती येतात त्यांतच, तितक्याच मोठ्या अक्षरांत, सहीनिशी उत्तर छापा, आणि त्यात माझ्या पत्नीस तिच्या दोन्ही नावांनी संबोधा.