काहिलीवरचे दोन ठोके

नवऱ्याचा हात एकदा वर आला आणि गेला. पाण्याखालच्या बाभळीत जाळं अडकलं होतं आणि जाळ्यात त्याचे पाय. मला पोहता येत नाही. धाकटा दीर लांब, आमच्याकडे पाठ करून दुसरं जाळं सोडत होता.

आम्ही भोई, धरणावर मासे धरतो. पाण्यावर कुणी कुणाचं नाव घेत नाही. पाण्यातल्या आसरांनी नाव ऐकलं की त्या त्याच माणसाला बोलावतात. म्हणून काहिलीवर ठोकायचं. गूळ करायच्या लोखंडी काहिलीत बसूनच आम्ही जाळी टाकायचो. एक ठोका म्हणजे ‘आहेस का’, दोन म्हणजे ‘ये’.

काहील गळायला लागली तेव्हा दिराने ती धारूरच्या भंगारवाल्याला दिली आणि पोत्यात थर्माकोल भरून दोन तराफे केले.

“आता ठोकायचं कशावर?” मी विचारलं होतं.

“वैनी, तुमचा आवाज काय काहिलीपरीस कमी हाय का?”

नवरासुद्धा हसला होता.

मी थर्माकोलवर काठी हाणली. उशीवर मारल्यासारखं वाजलं. पुन्हा हाणली. मग दिराचं नाव घेऊन ओरडले, तीनदा.

तो वळला. पोहत आला, विळा दातात धरून खाली गेला. नवरा सुटून वर आला. त्याला केसांना धरून मी तराफ्यावर ओढलं. दीर वर आला नाही.

तेराव्याला जाऊ म्हणाली, “आक्का, आसरांना नाव द्यायचंच व्हतं, तर माझ्याच नवऱ्याचं कावून दिलं?”

“माझा पाण्याखाली व्हता. त्याला हाक मारून काय करू?”

खरं तेच होतं. ती अजून माझ्या हातचं पाणी घेत नाही.

आसरा मी कधी मानल्या नाहीत. सासू नारळ सोडायची म्हणून मीही सोडायचे. पण भर दुपारी वारा पडला की पाण्यातून लोखंडावर ठोकल्यासारखा आवाज येतो. दोन ठोके. भंगारवाल्याने ती काहील माझ्यासमोर फोडून नेली होती.

नवऱ्यालाही ऐकू येतं. तो मान वर करत नाही, जाळं ओढत राहतो. त्याच्या कमरेच्या दोराचं टोक मी मनगटाला बांधलेलं असतं.

ठोक्यात कुणाचं नाव नसतं. त्या दिवशी पाण्यावर आम्ही तिघं होतो. मी आणि नवरा वाचलो.