सुहासची वाट पाहताना

सुहासच्या वर्कशॉपमधून फोन आला तेव्हा मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. "वहिनी, लगेच या, सुहासला हॉस्पिटलमध्ये नेलंय," त्याचा सहकारी म्हणाला आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "काय केलं त्याने? न बघताच रस्ता ओलांडला का?" तो हळूच म्हणाला, "नाही वहिनी. जागेवर बसून काम करत होता. बसल्या बसल्याच मान टाकली." पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका. त्यात त्याची कसलीही चूक नव्हती. सात आठवडे झाले, तो गेल्याचं दुःख आहेच, पण माझा तो प्रश्न कानातून जात नाही.

आम्ही गिरगावातून भाईंदरला, इंद्रलोकमध्ये राहायला आलो तेव्हा आमची मुग्धा दोन वर्षांची होती. सुहास झेरॉक्स मशीन दुरुस्त करायचा. दोघा-तिघांनी हात टेकलेलं मशीन तो तासाभरात चालू करून द्यायचा, पण त्याचा रिपोर्ट लिहायचा राहून जायचा, हत्यारांची बॅग कुठल्या तरी ऑफिसात राहायची, बाराला बोलावलेल्या ठिकाणी हा तीनला पोचायचा. पंधरा वर्षांत सहा नोकऱ्या झाल्या. घरी दूध गॅसवर ठेवून पेपर वाचत बसायचा, आणि करपल्याचा वास शेजाऱ्यांना आधी यायचा. सासूबाई म्हणायच्या, "लहानपणापासूनच धांदरट आहे तो." मी त्याहून वाईट शब्द वापरलेत. तो भांडायचा नाही. "सॉरी गं मीना, उद्यापासून नक्की," म्हणायचा, आणि म्हणताना त्याला ते मनापासून खरं वाटत असायचं. मला तेच सहन व्हायचं नाही. ऑफिसात बसले तरी माझा एक कान घराकडे असायचा, आता काय झालं असेल... गॅस, दार, पोर?

मुग्धा सहा वर्षांची असताना मीरा रोडला चित्रकलेच्या क्लासला जायची. शनिवारी पाचला तिला आणायचं काम सुहासचं. त्या शनिवारी तो वेळेवर घरातून निघाला. वाटेत एका दुकानदाराने मशीन उघडून ठेवलेलं दिसलं. "दोनच मिनिटं," म्हणून तो खाली बसला. मी साडेसहाला घरी पोचले तर दोघंही नाहीत. क्लासला धावले, तिथे कुलूप. क्लासच्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मुग्धाच म्हणाली, पपा आले, आणि पळाली." सुहाससारखा शर्ट घातलेल्या कुणाच्या तरी मागे ती गेली होती. मी आणि आजूबाजूचे चार-पाच जण दुकानादुकानात विचारत सुटलो, "भैया, छह साल की लडकी देखी क्या, पीला फ्रॉक?" शेवटी ती सापडली पेणकरपाड्यात, एका आगरी बाईंच्या अंगणात. "रडत न्हाय तुमची पोर, पन पानी पन पीत न्हाय," त्या म्हणाल्या. "बापूस येल म्हनून रस्त्याकडं बघत बसली हाय." मागून सुहास धावत आला, दोन्ही हात मशीनमधल्या टोनरच्या पावडरीने काळे. त्या अंगणातच मटकन खाली बसला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. मुग्धाने जाऊन त्याचे हात धरले. "पपा, तू हरवला होतास?"

त्यानंतर मी मुग्धाला घेऊन माहेरी गेले. सुहासने मला थांबवलं नाही. आमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो भाईंदरलाच एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या समुपदेशक बाईंकडे गेला. या ब्रिजेट मॅडम मूळच्या उत्तनच्या, शाळेतल्या मुलांसोबत काम केलेल्या. गेल्या गेल्या त्याने विचारलं म्हणे, "मी वाईट बाप आहे का, एवढंच सांगा." त्यांनी उत्तर न देता त्याची शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली. दरवर्षी वेगळ्या अक्षरात एकच शेरा होता, 'हुशार, पण लक्ष नाही.' त्यांनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पहिले डॉक्टर म्हणाले, हा लक्षाचा त्रास लहान मुलांना असतो, मोठ्यांना होत नाही. दुसऱ्यांनी दोन तास ऐकून घेतलं आणि नाव सांगितलं, एडीएचडी. लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे लावता येत नाही आणि लागलं की सोडवता येत नाही. सुहासने मला माहेरी फोन केला. म्हणाला, "मीना, म्हणजे मी मुद्दाम नव्हतो गं करत..."

मला मात्र राग आला. मॅडमनी मला बोलावलं तेव्हा मी सरळ विचारलं, "नाव मिळालं म्हणजे माफी मिळाली का?" त्या म्हणाल्या, "नाही. तुमची मुलगी रस्त्यावर होती, ते खरंच आहे. पण आता शपथा नकोत. नेमकं कुठे निसटतं ते शोधू या." मी मुग्धाला घेऊन घरी परतले, आणि आठवड्यामागून आठवडे त्यांनी तेच केलं. सुहासला दोन मिनिटं आणि दोन तास यांतला फरकच कळत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. मोबाइलचे गजर लागले, दुकानं नसलेला रस्ता ठरला. साहेबांशी काय बोलायचं याची त्याने त्या खोलीत तालीम केली, आणि फिरतीऐवजी एका जागी बसून एका वेळी एकच मशीन, असं काम मागून घेतलं. मला त्यांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा आठवण करून देता त्याला?" मग म्हणाल्या, "एक आठवडा अजिबात देऊ नका." तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत! दोन दिवस तो डबा विसरला. तिसऱ्या दिवशी नाही.

वर्षभराने त्या म्हणाल्या, "आता मुग्धाला आणायचं काम पुन्हा त्याला द्या." मी नाही म्हटलं. पुढचे दोन महिने नाहीच म्हणत राहिले. शेवटी एका शनिवारी तो निघाला आणि दारात म्हणाला, "आज फोन करू नकोस, प्लीज. तू केलास तर मी तुझ्यावरच विसंबेन." मी फोन हातात धरून गॅलरीत उभी. साडेपाच झाले, मग पावणेसहा... तेवढ्यात फाटकातून दोघं आत आली, मुग्धा काहीतरी सांगत होती आणि तो मान डोलवत होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्ये 'मी आता ठीक आहे' म्हणून त्याने मॅडमकडे जाणं सोडलं, तीन महिन्यांत पुन्हा घसरला, पुन्हा गेला. छत्र्या हरवल्या, गॅस एकदा राहिलाच. पण मुग्धाला आणायला तो एकदाही चुकला नाही. मला वाटायचं, त्याला आता ते सोपं झालंय. भीती काय ती माझ्याच वाट्याला उरलीय.

तो गेल्यावर मुग्धाला ट्यूशनहून आणायला मी जाऊ लागले. बारा वर्षांची आहे, एकटी येईल म्हणते, पण मला धीर होत नाही. पहिल्या दिवशी तिथल्या वॉचमनने विचारलं, "भाभी, साहब आजकल आते नहीं?" मी सांगितलं. तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "साडेपाच बजे से इधरच बैठते थे, इस बाकडे पे. मैं बोलता था, क्लास तो साडेछह को छूटता है. बोलते थे, इधर बैठ गया तो बीच में कहीं अटकूंगा नहीं."

रोज एक तास. मला कधीच बोलला नाही...

आता मीही साडेपाचलाच जाते. वॉचमनच्या केबिनला लागून ते बाकडं आहे, सिमेंटचं, एका कोपऱ्यात फुटलेलं. त्यावर एका कडेला बसते. क्लास सुटला की मुग्धा जिना उतरते आणि आधी बाकड्याच्या दुसऱ्या कडेकडे बघते, मग माझ्याकडे. मग आम्ही दोघी दुकानं नसलेल्या रस्त्याने घरी येतो.