नानांच्या वाट्याची हवा

आमच्या घरात कूलर एकच होता आणि दिवसा तो नानांचा असे. नाना म्हणजे माझे वडील. नरडाण्याला सुताच्या कारखान्यात ते वाइंडिंगच्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या मशीनवर होते, कायम रात्रपाळीला. सकाळी आठच्या सुमाराला धुळ्याला घरी येत, आंघोळ करून भाकरी खात आणि पुढच्या खोलीत कूलरसमोर चटई टाकून चार वाजेपर्यंत झोपत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रात्रपाळीच्या माणसाचा कूलर कुणी हलवत नाही. हा नियम गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. मलाही ठाऊक होता, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्याला 'मला कळत नव्हतं' ही पळवाट नाही.

मी तेव्हा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला होते. जळगावच्या मामांनी नकाशे काढणाऱ्या एका बंद पडलेल्या ऑफिसातला कॉम्प्युटर मला अभ्यासासाठी आणून दिला होता. त्यावर अभ्यास अगदीच झाला नाही असं नाही, पण जास्त झाला तो गेम. ऑनलाइन, पाच जणांचा संघ, बंदुका घेऊन पळायचं. पुण्या-नाशिकचे चार मुलगे आणि पाचवी मी. माझा नेम चांगला होता, मशीन चांगलं नव्हतं. ऐन गोळीबारात चित्र अडखळायचं आणि ते हलेपर्यंत मी मेलेली असायचे. एकदा त्यांच्यातला एक म्हणाला, "तुझ्या डब्यामुळे हरतो आपण." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नवं मशीन घरी मागण्याइतकी निर्लज्ज मी नव्हते, म्हणून आहे त्याच प्रोसेसरला पळवायचं ठरवलं.

त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसरनं किती वेगानं चालायचं ते कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. काही प्रोसेसरचा तो आकडा आपल्याला सेटिंगमध्ये जाऊन वाढवता येतो, थोडं व्होल्टेज जास्त द्यावं लागतं. वेग वाढतो आणि त्याबरोबर तापही. मी हे जानेवारीत केलं, धुळ्याच्या थंडीत, एकेक पायरी चढत. स्क्रीन निळी पडून मशीन बंद झालं की एक पायरी खाली. जळगावहून ताप ओढून घेणाऱ्या पेस्टची सिरिंज मागवली, प्रोसेसर स्वच्छ पुसून त्यावर नवी पेस्ट लावली. गेम सरळ, न अडखळता चालू लागला. त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान मला कुठल्या निकालाच्या दिवशी वाटला नव्हता.

मग उन्हाळा आला. एप्रिलच्या दुपारी आमच्या पत्र्याखाली प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे जाऊ लागला आणि ऐन सामन्यात मशीन आपोआप बंद पडू लागलं. वेग परत खाली आणला असता तर प्रश्न मिटला असता. ते मला मंजूर नव्हतं. मी कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढलं, टेबलफॅन लावला. तो गरमच हवा फेकत होता. खोलीत थंड हवा एकाच ठिकाणाहून येत होती आणि ती नानांच्या अंगावर जात होती.

पहिल्या दिवशी मी कूलर वीतभरच वळवला. प्रोसेसरचा आकडा भराभर उतरला. नाना कुशीवर वळले, उठले नाहीत. साडेतीनला सामना संपल्यावर मी कूलर जागच्या जागी लावला. दुसऱ्या दिवशी दोन वीत वळवला. आठवड्याभरात तो पूर्ण माझ्याकडे झाला आणि परत लावायचंही मी विसरू लागले.

एके दुपारी नाना घामानं थबथबून उठून बसले. बनियन पाठीला चिकटलेलं, डोळे लाल. त्यांनी कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हेडफोन काढला आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाले, "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे नाना. मशीन तापतं."

"तुना मशीनले हवा लागू दे," ते म्हणाले. "माले काय, माले कोठे बी झोप लागी जास."

चटई उचलून ते मधल्या खोलीत गेले. पंचा भिजवून छातीवर टाकला आणि आडवे झाले. त्यानंतर ते आपण होऊनच तिकडे झोपू लागले. आई चिडली. "रातभर उभा ऱ्हास तो माणूस," ती मला सुनवायची, "त्याले झोपू तर दे." नाना तिला गप्प करत, पोरीचा अभ्यास शे म्हणत. मी एक कान उघडा ठेवून हे ऐकायचे आणि ऐकून झालं की हेडफोन नीट बसवायचे. माझी लाज एवढ्यावरच थांबायची. वर कूलरची टाकी दुपारी दुसऱ्यांदा भरावी लागे, तीही आईच भरायची. नळाला पाणी आठवड्यानं यायचं, तरी मी बादलीला हात लावला नाही.

मे महिन्यात आमच्या संघाची एक स्पर्धा होती. शेवटचा सामना भर दुपारी आला. तिसऱ्या फेरीत माझी स्क्रीन काळी झाली आणि मशीन पुन्हा सुरूच झालं नाही. चौघे माझ्याविना खेळले आणि हरले. झाकण काढून पाहिलं तर आत सगळीकडे पांढरट खार जमलेला, पंख्याच्या पात्यांवर, बोर्डावर, पेस्टच्या कडेला. आमचं जड पाणी महिनाभर ओल्या हवेतून मशीनच्या पोटात जात होतं. कूलरच्या जाळीवर दर उन्हाळ्यात तोच खार मी चाकूनं खरवडलेला. तरी तो आत साचेल हे कॉम्प्युटरचा डिप्लोमा करणाऱ्या या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नाना एका सकाळी आईला म्हणाले, "डे शिफ्ट भेटनी माले. चांगलं झायं." मला खरोखर आनंद झाला. आणि खरं लिहायचं तर पहिला विचार हा आला, मशीन दुरुस्त झालं की दुपारी कूलर बिनबोभाट माझा.

जूनमध्ये कॉलेजच्या फॉर्मवर त्यांची सही तातडीनं हवी होती, म्हणून मी नरडाण्याला गेले. कारखान्याच्या गेटवर सांगितलं, वाइंडिंगला निरोप द्या. तिथला माणूस म्हणाला, "ते वाइंडिंगला नाहीत आता. पॅकिंगला टाकलंय." मी म्हटलं, का? नानांच्याच वयाचा एक कामगार तिथं पाणी पीत उभा होता. तो म्हणाला, "उभा उभा झोप लागी गई त्याले. धागा तुटेल व्हता, मशीन चालूच. बठ्ठा माल वाया गया." मग मी कोण हे लक्षात येऊन त्यानं मान फिरवली.

नाना बाहेर आले ते खांद्यावरचे पुठ्ठ्याचे तुकडे झटकत. अकरा वर्षं त्या मशीनवर काढलेला माणूस. कुठला धागा तुटला ते आवाजावरून सांगायचे, आणि तेवढं सांगतानाच त्यांच्या बोलण्यात फुशारकी यायची. त्यांनी सही केली, विचारलं, "जेवनी का?" मी मान हलवली. बसमध्ये खिडकीला तोंड लावून रडले. घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं की आज सांगायचं. सांगितलं नाही. त्या वर्षी नाही आणि पुढेही नाही. मला भीती त्यांच्या रागाची नव्हती. ते रागावणार नाहीत याची होती.

आता मी धुळ्यातच घरून काम करते. खोलीत एसी आहे. नाना निवृत्त होऊन घरी असतात. या एप्रिलमध्ये एका दुपारी ते माझ्या खोलीत चटई टाकून आडवे झाले होते. थोड्या वेळानं उठले, कोपऱ्यातला टेबलफॅन आणला आणि माझ्या लॅपटॉपकडे तोंड करून लावला. म्हणाले, "तपी जाई ते."

मला पुढे टाइप करता येईना. मी म्हणाले, "नाना, तेव्हा प्रोजेक्ट नव्हता. मी गेम खेळत होते."

"माले माहीत शे," ते म्हणाले. "तू आरडे ना, मार त्याले, मार त्याले म्हनीसन. कोनतं कॉलेज असा प्रोजेक्ट देस?"

म्हणजे त्या मधल्या खोलीत ते झोपलेलेच नसायचे. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ते चटईवर परत आडवे होत म्हणाले, "शेवटला जितनी का नही, ते सांग."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

"जिंकले नाना," मी म्हणाले.

"मंग बरं झायं," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.