लांब दोरीचा पाळणा

अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनाची चिरफाड करणं हे माझं काम. आमच्या लासुर्ण्यात हे सांगायची सोय नाही, म्हणून "कारखान्यात तपासणीला आहे" एवढंच सांगत आले. उसाच्या पट्ट्यात कारखाना म्हटलं की पुढचा प्रश्न साखरेच्या उताऱ्याचा येतो आणि माझी सुटका होते.

वापरून झालेल्या इंधनाच्या कांड्या वर्षानुवर्षं पाण्याखाली निवतात आणि मग एका बंद खोलीत येतात. तिथं माणूस जात नाही. आम्ही बाहेर, दोन हात जाडीच्या पिवळट काचेपाशी उभे. माझ्या हातात मुठी, आणि आत छताखालून लोंबणारे दोन पोलादी हात. मी मूठ आवळली की तिकडची आवळते. कांडीला बारीक भोक पाडून आत साठलेला वायू मोजायचा, मग चकत्या कापून भिंगाखाली भेगा बघायच्या. जेवायला जाताना मुठी सोडल्या की आतले हात थोडा वेळ डोलत राहतात, कुणी बोलावल्यासारखे. त्यांच्याकडे पाठ करायला मी सुरुवातीला भ्यायचे. खरं सांगायचं तर अजूनही भिते.

निघताना हातपाय एका यंत्रावर ठेवावे लागतात. अंगाला किरणोत्सारी काही चिकटलं असेल तर ते ओरडतं. माझ्यावर ते कधी ओरडलेलं नाही.

गेल्या वर्षी धाकट्या भावाला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली. बारशात कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. आत्यानं वाकून "कुर्र" करायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालायचे. मला स्वतःचं मूल नाही. त्या बुक्क्यांची मी किती वाट बघितली होती, हे सांगायला आता लाज वाटत नाही. नाव मनाशी पक्कं करूनच निघाले.

बारामतीच्या स्टँडवर भाऊ घ्यायला आला, पण त्यानं माझी बॅग उचलली नाही. एरवी हिसकावून घ्यायचा. घरी सगळ्यांना कपबशीत चहा, मला कागदी कपात. "पाहुणी झाले का रे मी?" मी चेष्टेनं विचारलं. कुणी हसलं नाही. माझं खरं काम मी फक्त भावाला सांगितलं होतं. त्यानं ते वहिनीला सांगितलं होतं.

दिवेलागणीला माजघरात पाळणा बांधला. त्याची दोरी लांबवून थेट बाहेरच्या दारापर्यंत आणली होती, आणि दारात माझ्यासाठी पाट.

"आत्याबाई, तुमी हितनंच झोका द्या," वहिनीची आई म्हणाली.

मी दोरी ओढली. लांब, अंधुक माजघरात पाळणा हलला. बायका पाळणा म्हणत होत्या, पण एकीनंही माझ्याकडे बघितलं नाही. पाळण्यातून हूं नाही की चूं नाही. एवढुसं बाळ इतकं गप्प कसं?

मग माझं डोकंच फिरलं. दोरी टाकून मी सरळ आत गेले. बायका पदर आवरून भिंतीला सरकल्या. पाळण्यात झबलं-टोपडं घातलेला, काजळाची तीट लावलेला वरवंटा निजला होता. बारशाला आधी वरवंटा निजवतात, मग बाळ, हे मला ठाऊक होतं. पण बाळाला आणायला कुणी उठेना. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि त्यामागं बाळ बारीक आवाजात रडत होतं.

"आक्के," भाऊ खाली बघत म्हणाला, "त्याच्याच कानात सांग. पोरीला पोचंल की."

यंत्राचं सांगावं, भांडावं, दार वाजवावं, सगळं तोंडाशी आलं. पण भाऊ त्या लावलेल्या दाराला पाठ टेकून उभा राहिला. इतक्या वर्षांनी मिळालेलं लेकरू त्याला माझ्यापासून वाचवायचं होतं.

मी वाकले. गार दगडाजवळ तोंड नेऊन कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि तशीच वाकून थांबले. पाठीत एकही बुक्का पडला नाही.